रिसीव्ह क्यूची ‘प्रायॉरिटी’ नेमकी कशाची?

व्हीलॅन टॅग म्हणजे एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्कं ओळखण्यासाठी फ्रेमला (नेटवर्कवरच्या डेटाच्या तुकड्याला) लावलेली खूण. त्यातले प्रायॉरिटीचे ३ बिट, म्हणजे ० ते ७ पैकी एक लेबल, १९९८ च्या मानकांतून आले, पण तेव्हा डोळ्यांसमोर होता स्विच: गर्दी झाली की आधी कोणती फ्रेम बाहेर सोडायची. येणाऱ्या बाजूचा विचार फारसा झालाच नाही. पुढे नेटवर्क कार्डांवर अनेक रिसीव्ह क्यू (आलेल्या पॅकेटांच्या रांगा) आल्या, त्याही वेगळ्याच गरजेपोटी. प्रोसेसरच्या एका कोअरला भार पेलेना, म्हणून पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश (त्यांवरून काढलेला एक आकडा) काढून पॅकेटं वाटली जाऊ लागली. २०१० मध्ये लिनक्स २.६.३५ ने हीच वाटणी सॉफ्टवेअरमध्येही आणली. हॅशला पॅकेट महत्त्वाचं की बिनमहत्त्वाचं हे कळत नाही. त्याला फक्त वाटून द्यायचं असतं.

लेबल पाहून क्यू ठरवण्याची निकड ऑडिओ-व्हिडिओ आणि गाडीतल्या नेटवर्कमुळे वाढली. २०१७ मध्ये एका प्रचलित एम्बेडेड कंट्रोलरच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये डिव्हाइस ट्रीतून (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमधून) प्रत्येक रिसीव्ह क्यूला ‘प्रायॉरिटी’ देण्याची सोय झाली. हे नाव चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे लिहायचा आकडा क्यूचा मान सांगत नाही. कोणत्या लेबलच्या फ्रेम्स त्या क्यूत टाकायच्या, याचा तो ८ बिटांचा मास्क आहे, ० ते ७ या प्रत्येक लेबलला एक बिट. २ लिहिलं की बिट १ लागतो आणि लेबल १ च्या फ्रेम्स तिथे येतात. त्यातही लेबल १ म्हणजे ‘बॅकग्राउंड’, ० च्याही खालचं! बिनमहत्त्वाची वाहतूक मुद्दाम मागे ढकलता यावी आणि ० हे नेहमीच्या वाहतुकीचं मूल्य तसंच राहावं, म्हणून हा उलटा क्रम आला. त्यामुळे २ लिहून क्यूला वरचा मान दिला असं समजणाऱ्याने प्रत्यक्षात सर्वांत खालची वाहतूक तिच्यात वळवलेली असते.

क्यूंमधला क्रम वेगळ्या सेटिंगने ठरतो: काटेकोर प्राधान्य किंवा वजनानुसार पाळी. तोही फक्त चिपमधल्या फिफोतून (तात्पुरत्या साठ्यातून) मेमरीत आधी काय जाईल, एवढंच ठरवतो. पुढे एनएपीआय, म्हणजे क्यूंमधून पॅकेटं उचलणारी लिनक्सची यंत्रणा, येतं. एकाच कोअरवर अनेक क्यू असतील तर ते प्रत्येकीला साधारण ६४ पॅकेटांची पाळी देतं, एका फेरीची डीफॉल्ट मर्यादा ३०० पॅकेटं. हार्डवेअरने जपलेला क्रम इथे विरतो, कारण या पाळीत सगळ्या क्यू सारख्याच. क्यूंचे इंटरप्ट (पॅकेट आल्याची प्रोसेसरला दिलेली हाक) वेगवेगळ्या कोअरवर बांधणं, हा बराच काळ त्यावरचा उपाय होता. २०२१ च्या लिनक्स ५.१२ पासून एनएपीआयचं पोलिंग (क्यू तपासून पॅकेटं उचलणं) स्वतंत्र कर्नल थ्रेडमध्ये चालवता येतं आणि त्या थ्रेडला शेड्यूलरकडून खरीखुरी प्रायॉरिटी मिळू शकते.