ढगांआडचा अल्बम: ‘ऑब्स्क्यूर्ड बाय क्लाउड्स’ची पार्श्वभूमी

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे अल्बम ओळीने ऐकणारे बहुतेक जण ‘मेडल’वरून (1971) थेट ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर (1973) जातात. मधला जून 1972 मधला ‘ऑब्स्क्यूर्ड बाय क्लाउड्स’ राहून जातो. चित्रपटासाठी घाईघाईत केलेलं काम, असा शिक्का त्याच्यावर बसला आहे. घाई खरीच होती, पण त्या घाईनेच या बँडला एक महत्त्वाची गोष्ट शिकवली, असं माझं ठाम मत आहे.

बँडची बहुतेक गाणी लिहिणारा सिड बॅरेट 1968 मध्ये बाहेर पडला आणि गाणी लिहायची कोणी, हा प्रश्न उरलेल्या चौघांसमोर (डेव्हिड गिलमोर, रॉजर वॉटर्स, रिक राइट आणि निक मेसन) उभा राहिला. चित्रपटांची कामं तेव्हा त्यांच्या पथ्यावर पडली. बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाने इबिझा बेटावर घडणाऱ्या ‘मोर’ (More, म्हणजे ‘आणखी’) या आपल्या पहिल्या चित्रपटासाठी त्यांना बोलावलं. श्रोडरला नेहमीचं पार्श्वसंगीत नको होतं. पात्रं रेडिओ लावतात, पार्टीला जातात, तिथे जे वाजेल ते त्याला हवं होतं. चित्रफितीशी आवाज काटेकोर जुळवणाऱ्या महागड्या स्टुडिओइतके पैसे नव्हते. मग बँडने चित्रपट पाहताना स्टॉपवॉच लावून प्रसंगांच्या वेळा टिपल्या आणि त्या मापाने गाणी बेतली. त्या गाण्यांचा 1969 चा अल्बम ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेला.

पुढचा अनुभव कडू होता. इटालियन दिग्दर्शक आंतोनियोनींच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी त्यांनी रोममध्ये रेकॉर्डिंग केलं, पण दिग्दर्शकांचं समाधान होईना. शेवटी चित्रपटात त्यांच्या तीनच रचना राहिल्या. नाकारलेल्यांत रिक राइटची पियानोवरची एक संथ चाल होती. तीच पुढे ‘डार्क साइड’मधलं ‘अस अँड देम’ हे गाणं झाली.

श्रोडरने 1972 मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा बँड भलत्याच कामात बुडालेला होता. ‘डार्क साइड’ची रचना जानेवारीपासून मंचावर वाजत होती, फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ती झाली आणि मार्चमध्ये जपानचा दौरा ठरला होता. त्यातून फट काढून ते पॅरिसजवळच्या शातो देरुव्हिलमध्ये गेले. मिशेल मान्य या फ्रेंच चित्रपट-संगीतकाराने त्या जुन्या वाड्यात राहण्याच्या सोयीसह स्टुडिओ थाटला होता. त्याच वर्षी जानेवारीत गायक एल्टन जॉनने तिथे ‘हाँकी शातो’ हा अल्बम रेकॉर्ड केला होता, त्या नावातला शातो हाच. फेब्रुवारीच्या शेवटी एक आठवडा, मग जपान, परत आल्यावर मार्चअखेरीस आणखी काही दिवस, एवढ्यात काम आटोपलं.

चित्रपटाचं नाव ‘ला व्हॅली’. मेलबर्नमधल्या फ्रेंच वाणिज्यदूताची बायको दुर्मिळ पिसांच्या शोधात न्यू गिनीच्या डोंगरांत जाते आणि नकाशावर कोऱ्या राहिलेल्या दरीच्या मागे लागते. दरी कायम ढगांनी झाकलेली, म्हणून नकाशात ती जागा रिकामी. अल्बमचं नाव तिथूनच आलं. चित्रपट कंपनीशी बँडचं बिनसलं, म्हणून अल्बमला चित्रपटाचं नाव द्यायचं नाही असं ठरलं. उलट नंतर चित्रपटाच्याच नावाला अल्बमचं नाव जोडलं गेलं. अल्बममधल्या ‘ॲब्सोल्यूटली कर्टन्स’ या शेवटच्या रचनेच्या अखेरीस ऐकू येणारं समूहगान न्यू गिनीतल्या मापुगा लोकांचं आहे.

आता मूळ मुद्दा. ‘मेडल’मधलं ‘एकोज’ 23 मिनिटांचं होतं, तबकडीची एक अख्खी बाजू व्यापणारं. इथे मात्र दहा रचना आहेत आणि बहुतेक तीन-चार मिनिटांच्या. रेंगाळायला जागाच नाही. थोडक्यात सांगणं, घाईने शिकवलेली गोष्ट ती हीच. शीर्षकरचनेत व्हीसीएस 3 या सिंथेसायझरचा एकसुरी घुमारा आणि त्याखाली ठाम ठोका, एवढ्यावर वातावरण उभं राहतं. ‘चाइल्डहुड्स एंड’ ऐकताना मला दर वेळी ‘डार्क साइड’मधल्या ‘टाइम’ या गाण्याची चाहूल लागते. तो संथ प्रवेश, मग गिलमोरचा करडा आवाज आणि सरून जाणाऱ्या आयुष्याची जाणीव. हे शब्द गिलमोरने एकट्याने लिहिले. त्यानंतर बँडचे शब्द वॉटर्सच्या हाती जात गेले.

‘फ्री फोर’पाशी मात्र थांबायलाच हवं. चाल टाळ्या वाजवाव्यात इतकी खेळकर, आणि शब्द म्हातारपणाचे, मरणाचे. वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स फेब्रुवारी 1944 मध्ये इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता. त्या मृत्यूचा उल्लेख बँडच्या गाण्यात इथे येतो. पुढे ‘द वॉल’ आणि ‘द फायनल कट’ हे अल्बम ज्या जखमेभोवती उभे राहिले, ती हीच. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांनी हे गाणं बऱ्यापैकी वाजवलं, आणि तोवर तिथे बँडच्या वाट्याला हे फारसं आलं नव्हतं.

अल्बम ब्रिटनमध्ये सहाव्या, अमेरिकेत 46 व्या क्रमांकावर पोहोचला. तो दुकानांत आला त्याच सुमारास बँड लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘डार्क साइड’च्या रेकॉर्डिंगला लागला होता. पुढच्या वर्षी ‘डार्क साइड’ घेऊन अमेरिकेत दौरा झाला, तेव्हा कार्यक्रमाची सुरुवात बहुतेकदा ‘ऑब्स्क्यूर्ड बाय क्लाउड्स’ ही शीर्षकरचना आणि तिला जोडून येणाऱ्या ‘व्हेन यू आर इन’ने होई. बँडचा ड्रमवादक निक मेसन याने 2018 मध्ये जुन्या रचनांसाठी नवा बँड उभारला, त्याच्या कार्यक्रमांतही या दोन्ही होत्या.