डायाटम-प्रेरित पेप्टाइडांद्वारे सिलिकाकणांत प्रथिनांचे अचलीकरण

एंझाइम किंवा अन्य प्रथिन सिलिकाच्या सूक्ष्म कणांत कोंडून ठेवण्याची ही एक सौम्य पद्धत आहे. कण तयार होतानाच प्रथिन आत अडकते. त्यामुळे ते गाळून परत वापरता येते आणि उष्णता व प्रथिनभंजक एंझाइमे यांपासून त्याचे बरेचसे रक्षण होते. नेहमीच्या सोल-जेल पद्धतीतील (द्रावापासून जेल करून सिलिका बनवण्याच्या) तीव्र आम्ल-अल्कली व भरपूर अल्कोहोल अनेक प्रथिनांना सोसत नाही. इथे सामू ७ ते ८ असतो आणि काम काही मिनिटांत उरकते.

कल्पना डायाटमांची (करंडक शैवलांची). गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या खाड्यांत स्केलेटोनेमा, थॅलॅसिओसायरा, कॉसिनोडिस्कस हे डायाटम विपुल आढळतात. पाण्यातील सिलिसिक आम्ल शोषून ते सभोवारच्या पाण्याच्याच तापमानाला सिलिकाचे नक्षीदार कवच रचतात. सिलिंड्रोथेका फ्यूसिफॉर्मिस या डायाटमच्या कवचातून क्रोगर, डॉइट्झमान व झुंपर यांनी १९९९ मध्ये सिलॅफिन ही प्रथिने वेगळी केली. त्यांच्यातील एका पुनरावृत्त तुकड्याचे कृत्रिम रूप म्हणजे आर-५ पेप्टाइड (ॲमिनो आम्लांची छोटी साखळी); ते सिलिसिक आम्लापासून सिलिकाचा साका पाडते. त्यात १९ ॲमिनो आम्ले असून चार लायसिने आणि दोन आर्जिनिने त्याला धनभार देतात. शेवटची चार ॲमिनो आम्ले, म्हणजे दोन आर्जिनिने, आयसोल्यूसीन व ल्यूसीन, पेप्टाइडाचे रेणू एकत्र जमण्यासाठी फार महत्त्वाची आहेत. २००४ मध्ये लकरिफ्ट व सहकाऱ्यांनी ब्यूटिरिलकोलिनएस्टरेज हे एंझाइम आर-५ वापरून सिलिकात कोंडून दाखवले.

कृती अशी : टेट्रामिथिल ऑर्थोसिलिकेट १४९ मायक्रोलिटर घेऊन १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या ८५१ मायक्रोलिटरमध्ये मिसळावे. सुरुवातीला दोन थर दिसतात. ढवळत राहिल्यास काही मिनिटांत द्रव एकजीव होतो. हा सुमारे १ मोलर सिलिसिक आम्लाचा द्राव झाला. दुसऱ्या नळीत ०.१ मोलर फॉस्फेट बफरमधील (सामू ८) प्रथिनाचे ८० मायक्रोलिटर आणि आर-५ च्या द्रावाचे (१०० मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटर) १० मायक्रोलिटर एकत्र करून, शेवटी सिलिसिक आम्लाचे १० मायक्रोलिटर घालावेत. पांढरा साका लगेच धरू लागतो. पाच मिनिटांनी सेंट्रिफ्यूज करून साका दोनदा धुवावा. कण साधारणपणे काहीशे नॅनोमीटर व्यासाचे गोळे असतात. टेट्रामिथिल ऑर्थोसिलिकेटची वाफ डोळ्यांच्या पारपटलाला गंभीर इजा करते, त्यामुळे ही बाटली फ्यूम हूडमध्येच, चष्मा लावून उघडावी.

साका पडला नाही तर सर्वप्रथम बफर तपासावा. डायाटममधील मूळ सिलॅफिनवर फॉस्फेटगट असतात, कृत्रिम आर-५ वर नसतात. ती उणीव द्रावातील फॉस्फेट आयन भरून काढतात आणि पेप्टाइडाचे रेणू एकमेकांजवळ आणतात. फॉस्फेट नसलेला ट्रिस बफर वापरून अपयश आल्यास कारण बहुधा हेच. दुसरे कारण सामू. विकत मिळणारे पेप्टाइड बऱ्याचदा ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाच्या क्षाररूपात येते आणि इतक्या संहत द्रावाने बफर खाली ओढला जातो. मिश्रणाचा सामू मोजून दुरुस्त करावा. तिसरे, शिळे सिलिसिक आम्ल. उभे ठेवल्यास ते स्वतःच जेल बनते, म्हणून दर वेळी ताजे करावे. गोव्याच्या पावसाळी हवेत ही काळजी मूळ रसायनापासूनच घ्यावी लागते : टेट्रामिथिल ऑर्थोसिलिकेट हवेतील ओलाव्यानेही विघटते. बाटली कोरड्या नायट्रोजनखाली ठेवावी, आणि -२० अंश सेल्सिअसला ठेवलेली पेप्टाइडाची कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. नाहीतर आत दव धरून वजन चुकते.

वरील प्रमाणात टेट्रामिथिल ऑर्थोसिलिकेटच्या विघटनातून मिथेनॉल सुमारे १.६ टक्के सुटते. संवेदनशील एंझाइमासाठी तेवढेही अवघड ठरू शकते, तेव्हा तितकेच मिथेनॉल घातलेली, सिलिका नसलेली नळी तुलनेसाठी ठेवावी.

किती प्रथिन अडकले हे केवळ वरच्या द्रावातील घटीवरून ठरवू नये. पेप्टाइड प्रथिनमापनात ढवळाढवळ करते, शिवाय काही प्रथिन कणांच्या पृष्ठभागावर नुसते चिकटलेले असते. ०.५ ते १ मोलर मिठाच्या द्रावाने धुऊन ते सुटते का पाहावे, आणि क्रियाशीलता साका व धुवण या दोन्हींत मोजावी. सिलिका मोजायला साका सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून विरघळवतात व मॉलिब्डेट चाचणी (रंगावरून सिलिका मोजणारी) करतात. पण राहिलेले फॉस्फेटही मॉलिब्डेटशी रंग देते, म्हणून आधी साका चांगला धुतलेला हवा आणि फॉस्फेटचा रंग दाबण्यासाठी चाचणीत ऑक्झॅलिक आम्ल वापरावे.

खर्च हा पद्धतीचा सर्वांत कमकुवत भाग. वरच्या कृतीत १ मिलिग्रॅम पेप्टाइड लागते, तर सगळे सिलिसिक आम्ल घट्ट झाले तरी सिलिका ०.६ मिलिग्रॅमच मिळते. म्हणून मोठ्या कामासाठी पेप्टाइडाऐवजी पॉलिएथिलीनइमीन हे स्वस्त, धनभारित बहुवारिक वापरतात, किंवा आर-५ चे जनुक प्रथिनाच्याच जनुकाला जोडतात. तेव्हा प्रथिन स्वतःच सिलिकाचा साका पाडते आणि वेगळे पेप्टाइड लागत नाही. याच्या पुढची पायरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली : थॅलॅसिओसायरा स्यूडोनाना या डायाटममध्ये सिलॅफिनला जोडलेले एंझाइम पेशीनेच आपल्या कवचात बसवले.

लहान रेणूंवर काम करणाऱ्या एंझाइमांना ही पद्धत चांगली मानवते. स्टार्च किंवा मोठी प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमांना मात्र नाही, कारण तो कच्चा माल छिद्रांतून आत शिरत नाही. कण सुकवल्यास छिद्रे आकसतात. ते ओलेच, सामू ७ ते ७.५ च्या बफरमध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवावेत. सामू ९ च्या वर गेल्यास सिलिका हळूहळू विरघळते आणि अडकलेले प्रथिन बाहेर पडू लागते.