बॉल, ल्यूसिल

बॉल, ल्यूसिल : (६ ऑगस्ट १९११ – २६ एप्रिल १९८९). अमेरिकन चित्रपट व दूरचित्रवाणी अभिनेत्री आणि निर्माती. पूर्ण नाव ल्यूसिल डेझिरे बॉल. सीबीएस वाहिनीवरील ‘आय लव्ह ल्यूसी’ (१९५१–५७) ह्या विनोदी मालिकेतील ल्यूसी रिकार्डो ही तिची सर्वांत गाजलेली भूमिका.

तिच्या जन्मस्थळाबाबत जुन्या संदर्भग्रंथांत घोळ आहे. अनेक वर्षे मोंटाना राज्यातील ब्यूट हे खाणकामगारांचे शहर तिचे जन्मगाव म्हणून छापले जात होते आणि तीही मुलाखतींतून तेच सांगे. नोंदींनुसार मात्र तिचा जन्म न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाकडील जेम्सटाउन येथे झाला आणि आता हेच ग्राह्य धरले जाते. वडील हेन्री बॉल हे टेलिफोन कंपनीत तारा ओढणारे कामगार. बदल्यांमुळे हे कुटुंब ती तान्ही असताना काही काळ मोंटानात राहिले होते, तेव्हा ब्यूटची कथा अगदीच निराधार नव्हती. लहानशा कारखानदारी गावापेक्षा पश्चिमेकडील रांगडे शहर प्रसिद्धीला बरे, असा हिशेब त्यामागे असावा. स्टुडिओंच्या प्रसिद्धी खात्यांना अशी कलमे करण्याचा सरावच होता. १९११ मध्येच मुंबईत जन्मलेली अभिनेत्री मर्ल ओबेरॉन टास्मानियाची म्हणून खपवली गेली. तिथे वंश लपवायचा होता, इथे केवळ गाव बदलायचे होते.

फेब्रुवारी १९१५ मध्ये वडील विषमज्वराने वारले. त्या दिवशी घरात एक पक्षी शिरून अडकला होता, एवढेच तिला पुढे स्पष्ट आठवे. पक्ष्यांची चित्रेसुद्धा तिला आयुष्यभर नकोशी वाटत. आई डेझिरे तेव्हा गरोदर होती. पुढे ल्यूसिल आणि तिचा धाकटा भाऊ जेम्सटाउनजवळच्या सेलोरॉन येथे आजोळी वाढले. आजोबा फ्रेड हंट हे समाजवादी विचारांचे. नातवंडांना ते हौसेने व्हॉडव्हिल ह्या फुटकळ करमणुकीच्या खेळांना नेत. त्यांची राजकीय मते नातीला पुढे काही काळ त्रासदायक ठरली.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिने न्यूयॉर्कच्या एका नाट्यशाळेत प्रवेश घेतला. तिथे पुढे नामवंत अभिनेत्री झालेली बेटी डेव्हिस तिची सहाध्यायी होती. मुलगी फार बुजरी आहे, शिकवणीचे पैसे फुकट चालले आहेत, अशा आशयाचे पत्र शाळेने घरी धाडले. त्यानंतर तिने वेशभूषाकार हॅटी कार्नेगीच्या दुकानात मॉडेल म्हणून काम केले. आजारपणाने त्यातही खंड पडला. १९३३ मध्ये ‘रोमन स्कँडल्स’ ह्या चित्रपटातील नृत्यचमूत वर्णी लागल्याने ती हॉलीवुडला आली. आरकेओ स्टुडिओत ‘टॉप हॅट’मधल्या (१९३५) फुलांच्या दुकानातील मुलीसारखी किरकोळ कामे करत ती ‘स्टेज डोअर’ (१९३७), ‘डान्स, गर्ल, डान्स’ (१९४०) आणि ‘द बिग स्ट्रीट’पर्यंत (१९४२) पोहोचली. ‘द बिग स्ट्रीट’मधील अपंग, कडवट गायिका ही तिची चित्रपटांतील सर्वांत कसदार भूमिका म्हणावी लागेल. तरी दुय्यम, म्हणजे ‘बी’ दर्जाच्या चित्रपटांची राणी हा शिक्का काही पुसला गेला नाही. एमजीएम स्टुडिओत ‘द्यू बॅरी वॉज अ लेडी’च्या (१९४३) वेळी तिचे मूळचे तपकिरी केस लालभडक झाले. पुढे हा रंग मेंदीने टिकवला जाई. ज्या मालिकेमुळे हे लाल केस जगाला ठाऊक झाले, ती मालिका कृष्णधवल होती, ही गंमतच.

‘टू मेनी गर्ल्स’च्या (१९४०) चित्रणात तिची क्यूबन गायक-वादक डेझी अर्नाझशी ओळख झाली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दोघांनी लग्न केले. १९४८ पासून सीबीएसवर तिची ‘माय फेवरिट हझबंड’ ही नभोवाणी मालिका चालू होती. तिची दूरचित्रवाणी आवृत्ती काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा नवऱ्याच्या भूमिकेत अर्नाझच हवा, असा तिने हट्ट धरला. परदेशी उच्चाराचा नवरा प्रेक्षकांना रुचणार नाही, ही वाहिनीची शंका. ती खोटी पाडण्यासाठी १९५० मध्ये दोघांनी गावोगाव रंगमंचावर प्रयोग केले. डेसिलू ही दोघांची निर्मितिसंस्था त्याच वर्षीची. लेखनाची बाजू नभोवाणी मालिकेतले जेस ओपनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरल हेच सांभाळणार होते.

ह्यानंतरचा भाग तंत्राच्या इतिहासकारांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या केंद्रांसाठी चित्रनळीच्या पडद्यावरूनच फिल्म उतरवून घेत. तिला किनेस्कोप म्हणत. ही प्रत धुरकट दिसे. बॉल-अर्नाझ दांपत्याला लॉस एंजेलिस सोडायचे नव्हते, तर मालिकेची पुरस्कर्ती असलेल्या सिगारेट कंपनीला तिचे ग्राहक दाट वस्तीच्या पूर्व भागात असल्याने तिथे धुरकट प्रत नको होती. तोडगा निघाला तो ३५ मिमी. फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, सुमारे ३०० प्रेक्षकांसमोर नाटकासारखे सलग चित्रण करण्याचा. मधला कॅमेरा संपूर्ण दृश्य टिपे, बाजूचे दोन पात्रांच्या जवळ जात. तिन्ही कॅमेरे फिरते असल्याने जमिनीवर दिवे ठेवणे अशक्य होते. छायाचित्रणकार कार्ल फ्रॉइंड ह्याने प्रकाशयोजना वर टांगली, सावल्या जवळजवळ काढून टाकल्या आणि नेपथ्य करड्या रंगाच्या छटांत रंगवून घेतले. ‘मेट्रोपोलिस’ ह्या जर्मन चित्रपटाच्या (१९२७) छायाप्रकाशात मुरलेल्या माणसाने सावलीच नाहीशी करण्याची पद्धत बसवावी, हे लक्षणीय आहे. संकलकांसाठी तीन चित्रपट्ट्या एकाच वेळी दाखवणारे मुव्हिओला यंत्र आले. कर्मचारी त्याला ‘तीन डोक्यांचा राक्षस’ म्हणत.

ही पद्धत डेसिलूने शोधून काढली, असे विधान लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. ते जपून घ्यावयास हवे. निर्माता जेरी फेअरबँक्सने अनेक कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रण करण्याची व्यवस्था १९४० च्या दशकाच्या अखेरीसच वापरली होती. १९५० मध्ये ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ हा कार्यक्रम प्रेक्षकांसमोर अशाच रीतीने चित्रित होई आणि त्यावर काम केलेला अल सायमन पुढे डेसिलूकडे आला. अर्नाझ आणि ओपनहायमर ह्यांची आत्मकथनेही श्रेयाच्या बाबतीत एकमेकांशी जुळत नाहीत. पद्धतीचे घटक आधीपासून होते, डेसिलूने ते आठवड्यागणिक चालेल असे एकत्र बसवले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. शोधापेक्षा करार महत्त्वाचा ठरला. फिल्मचा वाढीव खर्च भागवण्यासाठी दांपत्याने आठवड्याच्या मानधनातून १,००० डॉलर सोडले आणि त्या बदल्यात फिल्मची मालकी मिळवली, असे बहुतेक वृत्तांतांत आहे. एकदा दाखवून झालेल्या भागाला पुढे काही किंमत येईल, असे वाहिनीला तेव्हा वाटले नसावे.

पहिले चित्रण ८ सप्टेंबर १९५१ रोजी झाले. प्रेक्षक स्त्रियांसाठी जवळपास स्वच्छतागृह नसल्याने तपासनीस अडून बसला आणि ल्यूसिलने आपल्या खोलीतले मोकळे करून दिले, अशी अर्नाझची आठवण आहे. मात्र १५ ऑक्टोबरला आधी दाखवला गेला तो दुसराच भाग. चित्रणाचा आणि प्रक्षेपणाचा क्रम इथे जुळत नाही.

तिचा विनोद अंगविक्षेपांचा असला, तरी उत्स्फूर्त क्वचितच असे. ती वस्तू हाताळून हाताळून तालीम करी. १५ सप्टेंबर १९५२ च्या भागात ल्यूसी आणि शेजारीण एथेल (व्हिव्हियन व्हॅन्स) चॉकलेटच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटे कागदात गुंडाळत असतात. पट्टा वेग घेतो. आधी एखाददुसरे तोंडात जाते, मग टोपीत, मग झग्याच्या गळ्यात. तेवढ्यात मुकादमीण येते, पट्टा रिकामा पाहून खूश होते आणि वेग आणखी वाढवायला सांगते. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि वर निर्दोष डोळे. प्रसंगाची सगळी मजा त्या डोळ्यांत आहे.

१९५२ मध्ये ती पुन्हा गरोदर राहिली आणि ते कथानकातच घेण्यात आले. ‘गरोदर’ हा शब्द संवादांत येऊ दिला नाही. संहिता तीन धर्मगुरूंना दाखवल्या जात. छोट्या पडद्यावरील ही पहिलीच गरोदर नायिका, हे मात्र खरे नाही. ‘मेरी के अँड जॉनी’ ह्या मालिकेत ते १९४८ मध्येच आले होते. १९ जानेवारी १९५३ रोजी सकाळी तिला मुलगा झाला आणि त्याच रात्री ल्यूसी रिकार्डोलाही. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिल्याचे सांगतात. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहौअर ह्यांच्या शपथविधीला त्याहून कमी प्रेक्षक लाभले. बाळंतपणाच्या काळात जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि पुनःप्रक्षेपणाला बाजार असल्याचे उघड झाले. फिल्मच्या मालकीचे मोल तेव्हा कळले.

त्याच वर्षी सप्टेंबरात तिला अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे जावे लागले. १९३६ च्या मतदार नोंदणीत तिने कम्युनिस्ट पक्षाचे नाव लिहिले होते. आजोबांच्या समाधानासाठी लिहिले, ह्या तिच्या खुलाशावर समितीने तिला निर्दोष मानले. ल्यूसीत लाल काय ते केस, आणि तेही खरे नव्हेत, असे अर्नाझने पुढच्या चित्रणाआधी प्रेक्षकांना सांगितले. अनेक कलावंतांची कारकीर्द ज्या आरोपाने संपली, त्यातून ती सहीसलामत सुटली. लोकप्रियतेइतकाच प्रायोजकांचा पैसाही तिच्या बाजूने होता, हे विसरून चालणार नाही.

मालिकेचे १८० भाग झाले. त्यांचे हक्क सीबीएसला विकून (रक्कम ४० ते ५० लाख डॉलर अशी वेगवेगळी दिली जाते) डेसिलूने १९५७ च्या अखेरीस आरकेओ स्टुडिओ सुमारे ६१.५ लाख डॉलरना घेतला. जिथे तिने फुलवालीचे काम केले, तीच जागा तिच्या मालकीची झाली. मे १९६० मध्ये घटस्फोट झाला. १९६१ मध्ये तिने विनोदी कलावंत गॅरी मॉर्टनशी लग्न केले. नोव्हेंबर १९६२ मध्ये तिने अर्नाझचा हिस्सा विकत घेतला आणि ती डेसिलूची अध्यक्ष झाली. स्टुडिओची मालकीण झालेली पहिली स्त्री हे बिरुद मात्र सैलपणे लावले जाते. अभिनेत्री मेरी पिकफर्ड १९१९ मध्येच युनायटेड आर्टिस्ट्स ह्या चित्रपटसंस्थेची सहसंस्थापक होती. दूरचित्रवाणीपुरते ते मान्य व्हावे. ‘मिशन : इम्पॉसिबल’ आणि ‘स्टार ट्रेक’ ह्या मालिका तिच्याच कारकिर्दीतल्या. ‘स्टार ट्रेक’मागे ती नेमकी किती ठामपणे उभी होती, ह्याविषयी आठवणी भिन्न आहेत. १९६७ मध्ये तिने १.७ कोटी डॉलरना डेसिलू विकली.

‘द ल्यूसी शो’ (१९६२–६८) व ‘हिअर्स ल्यूसी’ (१९६८–७४) ह्या मालिका चांगल्या चालल्या. ‘मेम’ (१९७४) हा संगीतप्रधान चित्रपट पडला. ‘स्टोन पिलो’ (१९८५) ह्या दूरचित्रवाणीपटात तिने बेघर वृद्धा साकारली. ‘लाइफ विथ ल्यूसी’ (१९८६) आठ भागांनंतर बंद पडली. त्याच वर्षी डिसेंबरात अर्नाझचे निधन झाले.

लॉस एंजेलिस येथे हृदयाजवळील महारोहिणीवरील शस्त्रक्रियेनंतर सुमारे आठवड्याने तिचा मृत्यू झाला. जुलै १९८९ मध्ये तिला राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मरणोत्तर देण्यात आले. तिच्या अस्थी आधी लॉस एंजेलिसमध्ये होत्या. २००२ मध्ये मुलांनी त्या जेम्सटाउनच्या लेक व्ह्यू दफनभूमीत, बॉल कुटुंबाच्या जागेत नेल्या.