वॉल्टर व्हाइटने ते नक्की कुणासाठी केलं?

‘मी ते माझ्यासाठी केलं. मला ते आवडायचं. मला ते छान जमायचं.’

२९ सप्टेंबर २०१३ च्या रात्री अमेरिकेतल्या एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनी वॉल्टर व्हाइटच्या तोंडून ही कबुली ऐकली. ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेचा तो बासष्टावा आणि शेवटचा भाग. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात रसायनशास्त्र शिकवणारा पन्नाशीतला मास्तर. त्याला फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि आपल्यामागे बायकामुलांचं काय, या चिंतेतून तो मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो. पाच सीझन त्याचं एकच पालुपद असतं: हे सगळं घरच्यांसाठी. शेवटी त्याची बायको स्कायलर त्याला तोडते, पुन्हा तेच ऐकवू नकोस म्हणते, आणि तेव्हा तो हे बोलतो.

खुद्द पात्रानेच सांगून टाकलं म्हटल्यावर वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही. कुणी म्हणालं, हेच एक खरं वाक्य, बाकीची पाच वर्षं थापा. कुणी म्हणालं, सुरुवातीला हेतू खरंच घरच्यांचा होता, पुढे सत्तेची चटक लागली. आणखी कुणाला वाटलं की ही कबुलीसुद्धा स्कायलरला मोकळं करण्यासाठी दिलेली आहे, म्हणजे फिरून घरच्यांसाठीच. ज्या माणसाला मनच नाही, जो कागदावर आणि पडद्यावरच आहे, त्याच्या मनात काय होतं यावर शहाणीसुरती माणसं रात्र रात्र भांडतात. मला हे भांडण फार मोलाचं वाटतं. रोज शेजाऱ्याच्या, साहेबाच्या, सासूच्या वागण्याचा अर्थ लावताना आपण जी बुद्धी वापरतो तीच इथे राबत असते, आणि इथे ती राबताना पाहता येते.

ती बुद्धी किती उतावीळ असते हे १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजच्या विद्यार्थिनींना त्यांनी जेमतेम अडीच मिनिटांची एक चित्रफीत दाखवली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ. एका चौकटीच्या आतबाहेर या तीन आकृत्या सरकतात, इतकंच. काय दिसलं ते लिहा, एवढंच सांगितलं होतं. पहिल्या गटात ३४ जणी होत्या. निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिणारी त्यांतली फक्त एक निघाली. बाकीच्यांना मोठा त्रिकोण दांडगट वाटला, वर्तुळ घाबरलेलं वाटलं, छोटा त्रिकोण त्याला वाचवायला धावताना दिसला. कागदी आकृत्यांना जर राग, भीती आणि प्रेम मिळतं, तर वॉल्टर साकारणाऱ्या ब्रायन क्रॅन्स्टनसारख्या नटाच्या चेहऱ्यामागे आपण अख्खं मन उभं केलं यात नवल नाही. हलणाऱ्या गोष्टीमागे हेतू शोधायचा नाही असं ठरवूनही आपल्याला ते जमत नाही.

पण हेतू शोधणं वेगळं आणि सगळ्यांना एकच हेतू सापडणं वेगळं. या मालिकेत त्याची सगळ्यात कडक परीक्षा शेवटाच्या दोन आठवडे आधी, १५ सप्टेंबरच्या ‘ओझिमँडियस’ या भागात झाली. वॉल्टर तान्ह्या मुलीला घेऊन पळालाय. तो घरी फोन करतो. घरात पोलीस बसलेत, फोन ऐकताहेत. तो स्कायलरला वाट्टेल तसं बोलतो: तू मूर्ख आहेस, तुला माझी कधी किंमत नव्हती, हे साम्राज्य मी एकट्याने उभं केलं, तुझा त्यात काडीचाही वाटा नाही. हे बोलताना तो रडतोय.

इथे थांबून मोजून पाहा. पोलीस ऐकताहेत हे वॉल्टर ओळखून आहे. त्याने ते ओळखलंय हे स्कायलरच्या मध्येच लक्षात येतं. आणि ती निर्दोष आहे असा पोलिसांचा समज व्हावा, हे दोघांनाही हवंय. मानसशास्त्रज्ञ अशा पायऱ्या मोजतात: त्याला वाटतं, की तिला वाटतं, की त्यांना वाटावं... रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानुसार बहुतेक प्रौढ माणसं चौथ्या पायरीपर्यंत नीट चालतात आणि पाचव्याच्या आसपास अडखळू लागतात. फोनचा तो प्रसंग आपल्याला त्या उंबरठ्यापर्यंत नेतो, आणि वर आपण प्रेक्षक म्हणून लेखकाचा हेतूही ताडत असतो. एवढ्या उंचीवर दोन हुशार प्रेक्षकांना दोन वेगळी दृश्यं दिसली तर एकाचं लक्ष नव्हतं असं समजू नये. काहींनी हा फोन म्हणजे बायकोला वाचवण्यासाठी केलेलं निखळ नाटक मानलं. काहींना त्या नाटकातून वर्षानुवर्षं साचलेलं खरं विष बाहेर पडताना ऐकू आलं.

असं होतं तेव्हा मेंदूत काय घडत असतं, याचा एक सुंदर पुरावा प्रिन्स्टन विद्यापीठातून आला. यारा येशुरून, उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून एक कथा ऐकवली. योगायोग असा की तीही फोनवरच्या संभाषणाची कथा होती: रात्री उशिरा एक नवरा मित्राला फोन करून विचारतोय, माझी बायको अजून घरी आली नाही, तू पाहिलंस का? कथा सगळ्यांना शब्दशः तीच ऐकवली. मात्र आधी एका गटाला सांगितलं होतं की बायको खरोखरच त्या मित्राबरोबर आहे. दुसऱ्या गटाला सांगितलं की नवरा संशयी आहे, बायको एकनिष्ठ आहे. एकाच गटातल्या लोकांच्या मेंदूंमधले चढउतार एकमेकांशी जुळत होते आणि दुसऱ्या गटापासून वेगळे होते. हा फरक विशेषतः इतरांच्या मनाचा विचार करताना कामाला लागणाऱ्या भागांत उठून दिसला. नुसत्या नोंदी पाहून माणूस कुठल्या गटातला हे बऱ्यापैकी ओळखताही आलं. ‘आपण दोघांनी एकच भाग पाहिला ना?’ असं आपण चिडून विचारतो. कानांनी आणि डोळ्यांनी एकच पाहिलेला असतो. सुरुवातीला धरलेलं गृहीतक वेगळं असलं, की पुढचा प्रत्येक संवाद वेगळ्या जागी जाऊन बसतो.

ही गृहीतकं येतात कुठून? बरीचशी आपुलकीतून. मनोरंजनाचा अभ्यास करणारे डॉल्फ झिलमन आणि नंतर आर्थर रेनी यांनी मांडलंय की पात्रांकडे आपण तटस्थ न्यायाधीशासारखं पाहतच नाही. कोण आपला हे लवकर ठरतं, आणि मग आपल्या माणसाला सूट मिळते. मालिका वॉल्टरच्या बाजूने सुरू होते. त्याचा खोकला, त्याचा अपमान, गाड्या धुण्याच्या दुकानातली त्याची दुसरी नोकरी, हे सगळं आपण आधी पाहतो. त्यामुळे त्याने काही केलं की आपण परिस्थितीकडे बोट दाखवतो: बिचाऱ्यावर वेळच तशी आली. स्कायलरने प्रश्न विचारला की मात्र आपण तिच्या स्वभावावर जातो: ती आहेच तशी कटकटी.

परिस्थिती डोळ्यांपुढे असूनही स्वभावाला दोष देण्याची ही खोड जुनी आहे. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. निबंध लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती हे सांगूनही वाचकांना वाटत राहिलं की कॅस्ट्रोची बाजू मांडणारा आतून थोडाफार त्याच्याच बाजूचा असणार. तोंडी वाक्यं दुसऱ्याने घातलेली असली तरी आपण ती बोलणाऱ्याच्या नावावर जमा करतो. स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना याचा दाह सोसावा लागला. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्यांनी लिहिलं की पात्राचा द्वेष थेट त्यांच्यापर्यंत पोचला, इतका की कुणीतरी त्यांना ठार मारण्यासाठी त्यांचा पत्ता विचारत होतं. आपल्याकडे निळू फुल्यांना पडद्यावरच्या सरपंचाबद्दलची चीड प्रत्यक्षात सोसावी लागली, ती याच खोडीमुळे. मला हा भाग क्लेशदायक वाटतो. नवऱ्याच्या गुन्ह्यांमुळे घरात जीव मुठीत धरून राहणाऱ्या बाईच्या वागण्याचा अर्थ ‘स्वभाव’ या एका शब्दात आटोपणं हा अन्याय आहे, आणि तो फक्त पात्रांवर होत नाही.

आता त्या कबुलीकडे. वॉल्टर ‘माझ्यासाठी केलं’ म्हणाला, म्हणून तेच कारण होतं असं मानायचं का? रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांच्या १९७७ च्या गाजलेल्या लेखात एका दुकानातला प्रयोग आहे. नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड शेजारी शेजारी ठेवले आणि गिऱ्हाइकांना सगळ्यात चांगला निवडायला सांगितलं. चारही जोड तंतोतंत सारखे होते. तरी अगदी उजवीकडचा जोड अगदी डावीकडच्यापेक्षा जवळपास चौपट वेळा निवडला गेला. का, असं विचारल्यावर लोकांनी पोत, वीण अशी कारणं दिली. जागेचं नाव कुणीच घेतलं नाही, आणि जागेमुळे निवडलात का असं विचारलं तर बहुतेकांनी ते झटकून टाकलं. म्हणजे स्वतःच्या हेतूबद्दलही माणूस बरेचदा बाहेरून पाहणाऱ्यासारखा अंदाजच बांधतो. वॉल्टरची कबुली प्रामाणिक असू शकते. तरीही ती त्याने, मरण समोर दिसत असताना, स्वतःबद्दल बांधलेला अंदाज आहे. ‘घरच्यांसाठी’ हे आधीचं वाक्यही तसंच प्रामाणिक असू शकेल.

शेवटच्या भागानंतर ‘मला पहिल्यापासून माहीत होतं’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्याकडे पुरावाही असतो: पहिल्याच सीझनमध्ये जुना श्रीमंत मित्र उपचारांचा खर्च उचलायला तयार होता आणि वॉल्टरने अहंकारापोटी नकार दिला होता. पुरावा भक्कम आहे. पण तो भाग पहिल्यांदा पाहताना कित्येकांनी त्याला स्वाभिमान म्हणून दाद दिली होती. शेवट कळल्यावर तो आधीपासूनच दिसत होता असं वाटण्याच्या या सवयीची बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये चाचणी घेतली ती चक्क १८१४ सालच्या इंग्रज आणि गुरख्यांच्या लढाईवर. लढाईचा जो शेवट सांगितला जाई, तोच वाचकांना आधीपासून जास्त संभवनीय वाटत असे, मग तो शेवट खोटा का असेना.

चांगल्या मालिका पाहून माणसं ओळखण्याची नजर खरंच सुधारते का? जेसिका ब्लॅक आणि जेनिफर बार्न्स यांना २०१५ मध्ये असं आढळलं की नावाजलेल्या मालिकेचा भाग पाहिलेले लोक, माहितीपट पाहिलेल्यांपेक्षा, नुसत्या डोळ्यांच्या छायाचित्रांवरून भावना ओळखण्यात थोडे सरस ठरले. मी यावर फार भार टाकणार नाही. साहित्यवाचनाबद्दलचा असाच एक गाजलेला निष्कर्ष पुढच्या मोठ्या पडताळण्यांत टिकला नाही. माझा भरवसा पाहण्यापेक्षा पाहिल्यानंतरच्या वादावर जास्त आहे. घरातल्या भांडणात दोघांकडे वेगवेगळ्या आठवणी असतात. मालिकेच्या बाबतीत पुरावा सगळ्यांपुढे सारखाच असतो, प्रसंग पुन्हा लावून बघता येतो, आणि स्कायलरच्या बाजूने एकदा पाहा असं दुसऱ्याला सांगता येतं.

आणि लेखकाला विचारून निकाल लावू म्हणावं, तर त्यालाही मर्यादा आहे. २०१२ च्या जुलैमध्ये पाचव्या सीझनची सुरुवात एका पुढच्या काळातल्या दृश्याने झाली. दाढी वाढलेला वॉल्टर गाडीच्या डिकीत मशीनगन घेतो. कशासाठी, यावर प्रेक्षकांनी वर्षभर तर्क लढवले. मालिकेचे कर्ते विन्स गिलिगन यांनी नंतर सांगितलं की ते दृश्य लिहिताना त्या बंदुकीचं पुढे काय करायचं हे त्यांना आणि त्यांच्या सहलेखकांना ठाऊकच नव्हतं. कृती आधी चित्रित झाली, आणि कारण शोधत ते पुढचे कित्येक महिने बसले होते.