मेंदूस्तंभ मृत्यू : कायदा मेंदूच्या एकाच भागापाशी का थांबला?

बातम्यांत आपण ‘ब्रेन डेड’ वाचतो. कायद्यात मात्र सबंध मेंदूचा उल्लेखच नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने बोट ठेवलं ते फक्त मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या मेंदूस्तंभावर, म्हणजे वरून खाली मध्यमेंदू, पॉन्स आणि मस्तिष्कपुच्छ मिळून होणाऱ्या सात-आठ सेंटिमीटरच्या भागावर. या भागाची सगळी कामं कायमची थांबली आणि तसं रीतसर प्रमाणित झालं, की माणूस मृत. वर प्रमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या सर्वांत मोठ्या भागात, काय चाललंय, हे कायदा विचारत नाही. यावरून तेव्हाही वाद होता, आजही आहे.

श्वास थांबला, नाडी लागेना, म्हणजे माणूस गेला, हा हिशोब विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरेसा होता. व्हेंटिलेटर आला आणि हा हिशोब बिघडला. १९५९ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी कोमाच्याही पलीकडच्या अवस्थेतले रुग्ण नोंदवले. मेंदूच्या कामाचा मागमूस नाही, तरी हृदय चालू. यात गूढ काही नाही. हृदयाचे ठोके हृदयातच उमटतात, त्यांना मेंदूच्या हुकमाची गरज नसते. श्वासाला मात्र मस्तिष्कपुच्छ लागतं, आणि तेवढं काम यंत्र करत होतं.

डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला पहिलं हृदयारोपण झालं आणि प्रश्न तातडीचा झाला. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या एका रुग्णालयातही हृदयारोपण झालं. रुग्ण काही तासच जगला. त्या वेळी मेंदूच्या मृत्यूला भारतातच काय, जगातही कुठे पक्की कायदेशीर व्याख्या नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोस्टनच्या एका विद्यापीठाच्या समितीने निकष प्रसिद्ध केले : प्रतिसाद नाही, आपणहून श्वास नाही, प्रतिक्षिप्त क्रिया नाहीत, चोवीस तासांनी पुन्हा तपासणी, आणि दुजोऱ्याला मेंदूचा विद्युत आलेख सपाट.

इथून दोन वाटा फुटल्या. अमेरिकेच्या १९८१ च्या नमुना कायद्याने मेंदूस्तंभासह संपूर्ण मेंदूची सगळी कामं कायमची थांबलेली असावीत असं म्हटलं. ब्रिटनमधल्या वैद्यकीय संस्थांनी १९७६ मध्ये मेंदूस्तंभाच्या तपासणीवर भर दिला, १९७९ मध्ये मेंदूस्तंभ गेला म्हणजे माणूस गेला असं स्पष्ट केलं, आणि विद्युत आलेखाची सक्तीही ठेवली नाही. १९८० मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाने ‘अवयवदाते खरंच मेलेले असतात का’ असा सवाल केला. बराच गदारोळ झाला आणि काही काळ अवयवदान घटलं. निकष मात्र टिकले.

ब्रिटिशांचा युक्तिवाद शरीररचनेवर उभा होता. जागेपण प्रमस्तिष्काच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, आपोआप तयार होत नाही. मेंदूस्तंभाच्या वरच्या भागात चेतापेशींचं एक जाळं असतं, ते वरच्या मेंदूला जागं ठेवतं. ते उद्ध्वस्त झालं तर वरच्या पेशींत थोडी विद्युत हालचाल उरली तरी तिच्यातून जाणीव उभी राहत नाही. शिवाय श्वासाचं केंद्र याच स्तंभात खाली. जाणिवेची क्षमता आणि श्वास, दोन्ही एकाच अरुंद जागी संपतात. विद्युत आलेख टाळूवरून घेतला जातो आणि मुख्यतः सालीतली हालचाल दाखवतो, स्तंभाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. मग त्याच्यावर मरण ठरवायचं कशाला?

विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. फक्त स्तंभातच रक्तस्राव झाला आणि वरचा मेंदू शाबूत राहिला, तर? असे रुग्ण विरळा, पण असतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. अपघातात डोक्याला मार बसतो किंवा रक्तवाहिनी फुटते, सूज वाढते, कवटीत जागा उरत नाही आणि मेंदू खालच्या भोकाकडे ढकलला जाऊन स्तंभ चिरडतो. स्तंभाची पाळी येईपर्यंत वरचा मेंदू आधीच गेलेला असतो. अशा रुग्णात दोन्ही व्याख्या एकाच उत्तराला पोचतात. उलट अमेरिकी व्याख्येचीच पंचाईत आहे : मृत घोषित केलेल्या अनेकांत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस आणि पियुषिकेचं संप्रेरकांचं काम थोडंफार चालू असतं, मग ‘सगळी कामं’ थांबली असं म्हणायचं कसं? ती व्याख्या सुधारण्याचा प्रयत्न २०२३ मध्ये एकमत न झाल्याने थांबला. भारताने ब्रिटिश वाट धरली हे या दृष्टीने शहाणपणाचंच झालं.

आपल्याकडे कायदा आला तो मात्र मेंदूच्या चर्चेतून नव्हे, किडनीच्या बाजारातून. ऐंशीच्या दशकात मुंबई आणि मद्रास ही पैसे देऊन किडनी मिळवण्याची ठिकाणं म्हणून बदनाम झाली होती. विक्री बंद करायची तर अवयवांचा दुसरा स्रोत हवा, आणि तो मृत दात्यांचाच असू शकतो. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशच्या विधिमंडळांनी ठराव केले, संसदेने कायदा केला, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या तीन राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. बाकीची राज्यं मागाहून आली.

तपासणीची पद्धत स्तंभाच्या जिन्याने वरून खाली उतरते. डोळ्यात प्रकाश टाकला की बाहुली आकसते का, हा मध्यमेंदूचा प्रश्न. बुबुळाला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, कानात गार पाणी सोडल्यावर डोळे वळतात का, हा मुख्यतः पॉन्सचा. घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हा मस्तिष्कपुच्छाचा. शेवटी व्हेंटिलेटर काढून, प्राणवायू चालू ठेवून, श्वासाची ओढ लागावी म्हणून रक्तात कार्बन डायॉक्साइड साठू देतात. छाती हलते का ते पाहतात. चार डॉक्टर, आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. एवढं करूनही कधी कधी रुग्णाचा हात हलतो. ती मेरुरज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, पण ‘हालचाल आहे की’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या पटवून देणं कठीण.

घोळ व्याख्येत नाही, तिच्या जागेत आहे. मेंदूस्तंभ मृत्यूची व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं, एवढंच; स्तंभाचं नाव नाही. म्हणून घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तर तो माणूस मृत, नकार दिला तर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, अशी अवस्था झाली. बिल चालू राहतं, अतिदक्षता विभागातली खाट अडते, आणि यंत्र बंद करायला डॉक्टर कचरतात. आपल्याच देशाचं हे दुखणं नाही : जपानच्या १९९७ च्या कायद्यानेही मेंदूमृत्यू अवयवदानाशी बांधला होता.

२०११ च्या दुरुस्तीने न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन नसेल तिथे भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ चालेल असं केलं, कुटुंबाला अवयवदानाबद्दल विचारणं रुग्णालयावर बंधनकारक केलं. मूळ गाठ तशीच राहिली. त्याच वर्षी मुंबईतल्या एका परिचारिकेच्या दयामरणाच्या खटल्याचा निकाल लागला. १९७३ च्या हल्ल्यानंतर तिचा वरचा मेंदू जबर जखमी झाला होता, पण स्तंभ काम करत होता. ती स्वतः श्वास घेत होती, २०१५ पर्यंत जगली. ब्रेन डेड आणि ही अवस्था यांत गल्लत करणारे लेख तेव्हा ढिगाने छापून आले.

केरळने २०२० मध्ये अवयवदान होवो न होवो, मेंदूस्तंभ मृत्यू प्रमाणित करण्याची कार्यपद्धती काढली. केंद्राचं पाऊल वेगळ्या दिशेला पडलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार थांबवण्याला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आणि २०२४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा आणला. बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीवरक्षक उपचार कधी थांबवता येतील, याच्या अटी त्यात आहेत. पहिलीच अट : प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूस्तंभ मृत्यू घोषित झालेली व्यक्ती. म्हणजे एका कायद्याने मृत ठरवलेला माणूस या मसुद्यात रुग्णांच्या यादीत आहे.