ड्युअल बूटसाठी डिस्कचं पार्टिशनिंग

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं तर डिस्कवरची जागा दोघांत वाटून द्यावी लागते. या वाटणीला पार्टिशनिंग म्हणतात आणि अशा जोडीने नांदणाऱ्या दोन सिस्टिमच्या मांडणीला ड्युअल बूट. मशीन चालू केलं की मेनू येतो, त्यातून हवी ती सिस्टिम निवडायची, एका वेळी एकच चालते आणि जी चालते तिला सगळी रॅम, सगळा प्रोसेसर मिळतो, व्हर्च्युअल मशीनमध्ये हे सुख नसतं कारण तिथे एक सिस्टिम दुसरीच्या पोटात चालते. बऱ्याच जणांना लिनक्स इन्स्टॉल करायचीच भीती वाटते पण ते काम आता खरंच सोपं झालंय, इन्स्टॉलर पाच-सहा प्रश्न विचारतो आणि कामाला लागतो. जपायचं असतं ते वेगळंच, डिस्कवरचा कुठला तुकडा कोणाचा आहे हे बटण दाबायच्या आधी ओळखता आलं पाहिजे. विंडोजची जागा विंडोजनेच कमी करायची, लिनक्सची जागा लिनक्सनेच बनवायची आणि दोघांच्या मध्ये जे सामाईक आहे त्याला फॉरमॅट मारायचा नाही, एवढं पाळलं तर डेटा सहसा जात नाही.

पार्टिशन म्हणजे काय

डिस्क ही नंबर टाकलेल्या सेक्टरांची एक लांबलचक रांग असते, एक सेक्टर ५१२ बाइटचा (नव्या डिस्कमध्ये आतून ४०९६ बाइटचा). अमुक नंबरपासून तमुक नंबरपर्यंत एक हिस्सा, अशी जी नोंद डिस्कच्या सुरुवातीच्या टेबलमध्ये लिहिलेली असते ते पार्टिशन. म्हणजे भिंत वगैरे काही नसते, नुसती नोंद असते. त्यामुळेच पार्टिशन चुकून डिलीट झालं तर आतला डेटा त्या क्षणी पुसला जात नाही, नोंद तेवढी जाते, आणि टेस्टडिस्कसारखं टूल ती हरवलेली नोंद डिस्क चाळून परत शोधू शकतं. अट एकच, तोपर्यंत त्या जागेवर काही नवीन लिहिलेलं नसावं. एसएसडी असेल आणि त्या जागेवर फॉरमॅट पण झालेलं असेल तर आशा फार कमी, कारण फॉरमॅट करताना ट्रिमची आज्ञा जाते आणि ड्राइव्ह ते ब्लॉक स्वतःच रिकामे करून टाकतो.

हे टेबल दोन प्रकारचं असतं. जुनं एमबीआर, १९८३ साली डॉस २.० बरोबर आलेलं. त्यात पार्टिशनांच्या नोंदींसाठी जागा किती तर फक्त ६४ बाइट, एका नोंदीला १६, म्हणजे चार पार्टिशन झाली की विषय संपला. चारच्या वर लागली तर एकाला एक्स्टेंडेड बनवायचं आणि त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशन करायची, लिनक्समध्ये या लॉजिकलचे नंबर नेहमी ५ पासून सुरू होतात ते याचमुळे. सेक्टरचा नंबर ३२ बिटमध्ये लिहायचा असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरवर साधारण २ टीबीच्या पुढची जागा एमबीआरला पत्ताच देता येत नाही.

या चारच्या मर्यादेने लोकांना फार छळलंय. जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीनेच चारही प्राथमिक पार्टिशन वापरून टाकलेली असायची, बूटचं एक, सी ड्राइव्ह एक, रिकव्हरीचं एक, कंपनीच्या टूल्सचं एक. मग माणूस सी ड्राइव्ह कमी करून नवीन पार्टिशन बनवायला जायचा आणि विंडोज विचारायचं की डिस्क डायनॅमिक (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) करू का, आणि माणूस हो म्हणायचा. डायनॅमिक डिस्क झाली की लिनक्सचे इन्स्टॉलर ती मांडणी नीट हाताळत नाहीत आणि डेटा न घालवता परत बेसिक करायची सोय विंडोजमध्ये दिलेलीच नाही. त्या प्रश्नाला उत्तर नेहमी नाही असंच द्यायचं.

नवीन टेबल म्हणजे जीपीटी, ते यूईएफआयबरोबर आलं, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बायोस या जुन्या फर्मवेअरच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरबरोबर. नेहमीच्या मांडणीत १२८ पार्टिशनांची सोय असते, टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि चेकसम (तपासणीचा आकडा) असल्याने टेबल बिघडलंय का ते कळतं. विंडोज ११ यूईएफआय मागतं, त्यामुळे आजच्या मशीनवर बहुतेक जीपीटीच भेटतं, तरी बघून घ्यावं, विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडसमोर यूईएफआय लिहिलंय की लेगसी, म्हणजे जुनी बायोसची पद्धत. विंडोज ज्या मोडमध्ये असेल त्याच मोडमध्ये लिनक्सच्या इन्स्टॉलरची पेनड्राइव्ह बूट करायची. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसते, एका नावापुढे यूईएफआय असतं आणि एकापुढे नसतं, तिथे चुकीची निवडली तर इन्स्टॉल पूर्ण होतं पण एका मेनूतून दोन्ही सिस्टिम सुरू करता येत नाहीत आणि दोष मात्र पार्टिशनला दिला जातो.

विंडोजच्या बाजूची तयारी

पहिलं काम बॅकअप, आणि तो दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नाही. यावर जास्त लिहायची गरज नाही.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची विंडोजची सोय. अनेक नवीन लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बूटच्या क्रमात किंवा सिक्युअर बूटमध्ये (सही असलेलाच बूट प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीत) बदल केला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, ती जवळ नसेल तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही. तेव्हा की आधी कागदावर लिहून घ्यायची आणि मग एन्क्रिप्शन थांबवायचं किंवा पूर्ण काढायचं. मला विचाराल तर सगळ्या तयारीत हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

तिसरं फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) अवस्था हायबरनेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम असलेलं पार्टिशन अर्धवट उघडंच राहतं. अशा वेळी लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देतं किंवा उघडायलाच नकार देतं आणि माणसाला वाटतं लिनक्स बिघडलंय, खरंतर ते आपला डेटाच वाचवत असतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हे बंद करायचं.

मग जागा मोकळी करायची. विंडोज व्हिस्टापासून डिस्क मॅनेजमेंटमध्ये श्रिंक व्हॉल्यूम आहे, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ते निवडायचं, आकडा एमबीत टाकायचा, म्हणजे ६० जीबी हवे असतील तर ६१४४०. जी काळी पट्टी आणि अनअलोकेटेड असं नाव दिसेल ती तशीच सोडायची, तिथे नवीन व्हॉल्यूम बनवायचा नाही. ड्राइव्हमध्ये २०० जीबी रिकामे असूनही विंडोज कधीकधी जेमतेम २० जीबीच द्यायला तयार होतं, त्याचं कारण हलवता न येणाऱ्या फाइल्स, म्हणजे पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि एनटीएफएसची मास्टर फाइल टेबल, यातलं काही पार्टिशनच्या मधोमध किंवा शेवटाकडे बसलेलं असतं आणि श्रिंक त्याच्या अलीकडे येऊ शकत नाही. पेजफाइल, हायबरनेशन आणि रिस्टोअर तात्पुरते बंद करून रीस्टार्ट करून परत करून बघायचं. तरी नाहीच झालं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (जिच्यावरून इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं) जीपार्टेड हे पार्टिशनचं टूल वापरता येतं, ते फाइल्स सरकवूनही पार्टिशन कमी करतं, पण काम चालू असताना लाइट गेली तर कठीण, म्हणून लॅपटॉप चार्जरला लावूनच बसायचं.

एक छोटी गोष्ट, ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ च्या आसपास दिसते. जागा कुठे गेलेली नसते, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. लिनक्सची बरीच टूल्स हजारानेच मोजतात, त्यामुळे एकच पार्टिशन दोन ठिकाणी दोन आकड्यांचं दिसतं आणि ओळखताना गोंधळ होतो.

लिनक्सच्या बाजूला

इन्स्टॉलरमध्ये डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) डिस्क हाताळायची पद्धत, म्हणजे स्टोरेज, रेड किंवा आरएसटी मोडवर आहे का ते बघायचं. ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं, पण तसंच एकदम बदललं तर विंडोज निळी स्क्रीन देतं, म्हणून विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठेवून मग बदलतात, एकदा सेफ मोडमध्ये चालू झालं की पुढे नीट चालतं.

लिनक्समध्ये सी, डी अशी अक्षरं नसतात. साटा जोडणीची पहिली डिस्क एसडीए, तिची पार्टिशन एसडीए१, एसडीए२ अशी, आणि एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीची डिस्क असेल तर नाव लांबलचक होतं आणि शेवटी पी१, पी२ येतं. आणि अक्षरावरून किंवा क्रमावरून कधीच ओळखू नये, पेनड्राइव्हच कधीकधी एसडीए होऊन बसते, आकार आणि फाइल सिस्टिम बघून ओळखावं. मोठं एनटीएफएस म्हणजे विंडोज, शंभर-दोनशे एमबीचं एफएटी३२ म्हणजे ईएफआय पार्टिशन (बूट फाइल्सचं), शेवटचं पाचशे-सहाशे एमबीचं एनटीएफएस म्हणजे बहुतेक रिकव्हरी. १६ एमबीचं एक मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड पण असतं, डिस्क मॅनेजमेंट ते दाखवत नाही पण लिनक्सचं टूल दाखवतं, ते बघून घाबरायचं नाही आणि फुकट जागा समजून उडवायचंही नाही.

उबुंटू, मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या (डिस्ट्रोंच्या) इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करा असा पर्याय येतो, जागा आधीच मोकळी केलेली असेल तर तो चांगलं काम करतो. इरेज डिस्क म्हणजे पूर्ण डिस्क साफ, विंडोजसकट. तिथे डिस्क हा शब्द शब्दशः घ्यायचा असतो, मोकळी जागा असा त्याचा अर्थ नाही, आणि ही चूक नवखे लोक घाईत करतात. हाताने करायचं असेल तर मॅन्युअलचा पर्याय घ्यायचा आणि मोकळ्या जागेत रूटचं (लिनक्स जिथे बसतं ते) पार्टिशन बनवायचं, ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम द्यायची, २५ जीबीत उबुंटू मावतं पण सुखाने राहायला ५०-६० जीबी द्यावेत. होम (आपल्या फाइल्सची जागा) वेगळं ठेवायचं की नाही यावर मतं आहेत, वेगळं ठेवलं तर पुढे दुसरं डिस्ट्रो टाकताना आपल्या फाइल्स जागच्या जागी राहतात, पण जागा कमी असेल तर एक पार्टिशन भरतं आणि दुसरं रिकामं पडतं. मी तरी शंभर जीबीच्या आत असेल तर वेगळं करू नका असंच म्हणेन. स्वॅपचं (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन आता लागतंच असं नाही, उबुंटूने १७.०४ पासून स्वॅप फाइल वापरायला सुरुवात केली, हायबरनेट करायचं असेल तर मात्र रॅमएवढं स्वॅप धरा.

ईएफआय पार्टिशन हे दोघांचं सामाईक असतं. त्यात विंडोजच्या बूट फाइल्स एका फोल्डरमध्ये आणि लिनक्सच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये सुखाने राहतात. मॅन्युअलमध्ये ते निवडायचं, बूट-ईएफआय (/boot/efi) हा माउंट पॉइंट, म्हणजे लिनक्समध्ये ते जिथे दिसेल ती जागा, द्यायचा आणि फॉरमॅटच्या चौकोनात टिक नाही हे दोनदा बघायचं. टिक राहिली तर लिनक्स छान चालतं आणि विंडोज मेनूतून गायब होतं, फाइल्स सगळ्या असतात पण सुरू करणारंच कोणी उरत नाही, आणि मग विंडोजच्या रिकव्हरी पेनड्राइव्हने बूट फाइल्स परत लिहाव्या लागतात. विंडोज हे पार्टिशन अनेकदा १०० एमबीचंच बनवतं, ग्रबला (सिस्टिम निवडायचा मेनू दाखवणाऱ्या लिनक्सच्या बूटलोडरला) ते पुरतं, पण जी डिस्ट्रो कर्नलच तिथे ठेवतात त्यांना ते पुरत नाही.

आधी कसं करायचे

श्रिंक व्हॉल्यूम नव्हतं तेव्हा डॉसवरून चालणारं फिप्स नावाचं छोटं टूल होतं, आधी डीफ्रॅग करून सगळा डेटा पुढे सरकवायचा आणि मग ते मागचा रिकामा भाग कापून द्यायचं. पैसे असतील तर पार्टिशनमॅजिक. लिलो हा जुना बूटलोडर बायोसमुळे १०२४ सिलिंडरच्या (डिस्कच्या जुन्या मोजणीच्या) पुढे बघू शकत नव्हता, म्हणजे मोठ्या डिस्कवर फार तर पहिल्या ८ जीबीपर्यंत, म्हणून कर्नलसाठी डिस्कच्या सुरुवातीला छोटं बूट पार्टिशन वेगळं ठेवायची पद्धत पडली. ती अडचण कधीच संपली तरी जुन्या गाइडमध्ये ते पार्टिशन अजून दिसतं. २००८ मध्ये उबुंटू ८.०४ बरोबर वुबी आलं, त्यात पार्टिशन न करता विंडोजमधल्या एका मोठ्या फाइलमध्येच लिनक्स बसायचं, अनेकांनी पहिल्यांदा लिनक्स बघितलं ते असंच.

नंतर येणाऱ्या अडचणी

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मेनू न येता थेट विंडोज सुरू होऊ शकतं, तेव्हा लिनक्स गेलेलं नसतं, फर्मवेअरमधला बूटचा क्रम बदललेला असतो, तो परत लावला की झालं. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने मात्र सिक्युअर बूटच्या यादीत बदल केला आणि ड्युअल बूटवाल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स सुरूच होईना, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून ते सोडवावं लागलं. मेनूत विंडोज दिसत नसेल तर ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारं टूल) तपासायचं, ग्रब २.०६ पासून ते मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. घड्याळ काही तास चुकत असेल तर कारण असं की विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवायची.

दोन्हीकडून वापरायच्या फाइल्स एनटीएफएसवर ठेवाव्यात. २०२१ पासून, म्हणजे कर्नल ५.१५ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच त्यासाठी लिहू शकणारा नवा ड्रायव्हर आहे, उलट बाजूने विंडोजला ईएक्सटी४ स्वतःहून वाचता येत नाही, आणि त्या पार्टिशनवर चुकून क्लिक झालं की फॉरमॅट करू का असं विचारतं. तिथेही उत्तर नाही.

लिनक्स काढायचं झालं तर आधी मशीन कोणत्या मोडमध्ये आहे ते आठवायचं. एमबीआरवर लिनक्सचं पार्टिशन थेट उडवलं तर पुढच्या बूटला ग्रब रेस्क्यूची काळी स्क्रीन येते कारण ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला राहतो आणि बाकीचा उडालेला असतो, म्हणून विंडोजचा बूट रेकॉर्ड आधी परत लिहून घ्यायचा. यूईएफआयवर आधी बूटच्या क्रमात विंडोज वर घ्यायचं, मग लिनक्सची पार्टिशन काढायची, ईएफआय पार्टिशनमधला लिनक्सचा फोल्डर आणि फर्मवेअरमधली नोंद नंतर सावकाश काढली तरी चालते. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला परत जोडताना ती त्याच्या लगेच उजवीकडे सलग असावी लागते, मध्ये एखादं स्वॅप जरी राहिलं असेल तरी एक्स्टेंडचं बटण फिकंच दिसतं.