तुळशीकट्ट्याजवळची सदाफुली

गेल्या महिन्यात खानापूरकडे एका नातलगांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या नातीला रक्ताचा कॅन्सर, उपचार बेळगावात चालू. अंगणात तुळशीकट्ट्याजवळची सदाफुली पार ओरबाडलेली दिसली. "इंजेक्शन ह्याचंच की! मग रस दिला तर काय हुतंय?" आजोबांचा सवाल. मोबाइलवर कुणीतरी धाडलेला ज्ञानप्रसाद, आणि पंचाईत अशी, की त्यातला अर्धा भाग खरा.

नातीच्या इंजेक्शनातलं कॅन्सरचं औषध विन्क्रिस्टीन सदाफुलीतूनच आलं. हे झाड मूळचं मादागास्करचं. जमैकात त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो तपासला. उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या! त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टीन हे कॅन्सरचंच औषध हाती आलं, मागोमाग विन्क्रिस्टीन. पण पानात ते इतकं कमी, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. रुग्णाची मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून मोजतात आणि बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. पेलाभर रसात ते किती, आणि इतर अल्कलॉइडं, म्हणजे झाडातली जहाल रसायनं, किती, हे कोण मोजणार?

आता माझ्या आवडीचा भाग: हे औषध पेशीला अडवतं कसं. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहतात आणि दोन्ही टोकांकडून आलेले दोर त्यांना दोन बाजूंना ओढतात. हे दोर म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाच्या नळ्या. अल्फा आणि बीटा मण्यांची जोडी, जोड्यांची माळ, अशा साधारण १३ माळा गोलाकार चिकटल्या की २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. वडगावच्या मागावरचा ताणा एकदा बांधला की बांधला. हा दोर मात्र सारखा वाढतो, उसवतो, पुन्हा वाढतो, आणि त्या उसवण्यातच ओढ असते. विन्क्रिस्टीन दोन जोड्यांच्या सांध्यात, बीटा मण्यापाशी जाऊन बसतं. टोक गोठतं, औषध जास्त झालं तर नळीच विस्कटते. गुणसूत्रं रांगेतच अडकतात आणि खोळंबलेली पेशी शेवटी मरते.

मज्जातंतूंतही याच नळ्यांवरून मालवाहतूक चालते, आणि पायाच्या बोटांपर्यंतचा तंतू मोठ्या माणसात मीटरभर लांब. म्हणून या औषधाने हातापायाला मुंग्या, पाऊल लुळं पडणं, जबडा दुखणं. आतड्याच्या नसाही मंदावतात. शौचाला झाली नाही तर 'उन्हाळा हाय' म्हणून सोडू नये, डॉक्टरांना सांगावं.

हे औषध फक्त शिरेतून. याच रुग्णांना दुसरं एक औषध पाठीच्या कण्यात टोचतात. अदलाबदल झाली तर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगते, की ते सिरिंजमध्ये न भरता छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्यावं. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळतं. हाताला आग झाली की त्याच क्षणी सांगायचं. सिस्टर कन्नड असल्या तर 'उरी' एवढा एक शब्द पुरे.

निघताना मुलीच्या आईला गजकर्णाच्या गोळ्यांबद्दल विचारलं. आपल्याकडे गजकर्णावर इट्राकोनॅझोलची गोळी दुकानातून सर्रास आणतात. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) विन्क्रिस्टीन मोडतं, तेच ही गोळी अडवते; मग नेहमीचीच मात्रा नसांना जड जाते. "घरात हायत की," ती म्हणाली आणि पाकीट आणायला आत गेली.